पाळीव मांजराचे वंध्यीकरण : सोय कोणाची, हित कोणाचे?

घरात पाळलेल्या मांजराचे वंध्यीकरण करावे की न करावे, हा प्रश्न वृत्तपत्राच्या या पानावर चर्चिण्याच्या योग्यतेचा आहे काय, अशी शंका काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. महागाई, बेकारी, शिक्षणाची दुरवस्था असे विषय समोर असताना मांजराकडे लक्ष देण्यास सवड कोणाला आहे, असेही कोणी विचारील. परंतु शहरांतून सदनिकांची वस्ती वाढली, कुटुंबे लहान झाली, आणि पूर्वी वाड्याच्या माळ्यावर किंवा पडवीत आपल्या मर्जीने राहणारे मांजर आता तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरील बंद दाराआड राहू लागले. पूर्वी ज्या गोष्टीचा निर्णय निसर्ग करीत असे, तिचा निर्णय आता घरातील माणसांना करावा लागतो. शिक्षक, कारकून, विद्यार्थी यांच्या बेताच्या उत्पन्नाच्या घरांतूनही हा प्रसंग येतो आणि बहुधा निर्णय घेतलाच जात नाही. तो लांबणीवर पडतो. लांबणीवर पडलेल्या निर्णयाची किंमत शेवटी कोण देतो, हे पाहणे हा अर्थशास्त्राचाच विषय आहे. प्रस्तुत लेखकाने या प्रश्नात लक्ष घातले ते त्या दृष्टीने.

एका शब्दाची दहशत

या विषयावर शांतपणे बोलणे अवघड होते याचे एक कारण 'नसबंदी' हा शब्द आहे. आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक स्त्रीपुरुषांवर कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांतील अनेक सक्तीने अथवा दडपणाने झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ साली तीन अपत्यांनंतर शस्त्रक्रिया सक्तीची करणारे विधेयक संमतही केले होते. राष्ट्रपतींची मान्यता न मिळाल्याने ते अमलात आले नाही. त्या दिवसांच्या आठवणींनी हा शब्द डागाळला आहे, आणि मांजराच्या बाबतीतही तो उच्चारताच पुष्कळांच्या मनात जबरदस्तीचे चित्र उभे राहते.

वस्तुतः हा शब्द येथे अचूकही नाही. पुरुषाच्या नसबंदीत केवळ शुक्रवाहिनी बंद केली जाते. वृषणे राहतात आणि त्यांतून निर्माण होणारी संप्रेरकेही राहतात. मांजराच्या शस्त्रक्रियेत बोक्याची वृषणे काढली जातात. मांजरीची म्हणजे भाटीची अंडाशये, आणि बहुधा त्यांच्यासोबत गर्भाशयही, काढले जाते. परिणामी प्रजोत्पादन तर थांबतेच, पण त्यामागची प्रेरणाही ओसरते. जे करावयाचे ते काय आहे हे आडपडद्याशिवाय समजून घेणे ही विचाराची पहिली पायरी होय.

आपला समाज या कल्पनेला अगदीच अपरिचित आहे असेही नाही. गोऱ्हा खच्ची केल्याखेरीज त्याचा औताचा बैल होत नाही, हे शेतकऱ्याच्या घरातील मुलालाही ठाऊक असते. बोकड खच्ची करण्याची चालही जुनीच. तेथे हेतू उघडपणे माणसाच्या लाभाचा होता आणि पद्धतही पुष्कळदा क्रूर होती. गोऱ्ह्याच्या बाबतीत ज्याला आक्षेप नव्हता त्याला मांजराच्या बाबतीत एकाएकी निसर्गनियमांची आठवण व्हावी, ही विसंगती ध्यानात घेण्यासारखी आहे.

'आमचे मांजर बाहेर जातच नाही'

घरातील मांजराच्या बाबतीत सर्वांत अधिक ऐकू येणारा युक्तिवाद असा, की आमचे मांजर उंबरठ्याबाहेर पाऊल टाकत नाही. त्याला जोडीदारच भेटत नाही. मग शस्त्रक्रियेचे प्रयोजन काय? हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. तथापि पिल्ले होऊ न देणे एवढाच या शस्त्रक्रियेचा हेतू आहे असे तो गृहीत धरतो, आणि ते गृहीतच अपुरे आहे.

मांजरीच्या शरीरधर्माची रचना पाहावी. चार ते सहा महिन्यांच्या वयापासून ती माजावर येऊ लागते. तिचा माज दिवसाच्या प्रकाशाशी निगडित असतो. थंड देशांत हिवाळ्यातील लहान दिवसांत तो थांबतो. आपल्याकडे ऐन हिवाळ्यातही दिवस सुमारे अकरा तासांचा, आणि घरात रात्री उशिरापर्यंत विजेचे दिवे. त्यामुळे तिला विसाव्याचा काळ जवळजवळ मिळत नाही. शिवाय मांजरीमध्ये बीजमोचन आपोआप होत नाही. ते समागमानंतर होते. समागम न झाल्यास आठवडाभराने माज ओसरतो आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा येतो. बंद घरातील मांजरी अशा रीतीने वर्षभर या चक्रात फिरत राहते. रात्रभर तिचे ओरडणे, जमिनीवर लोळणे, अन्नावरची वासना उडणे, दार-खिडकीशी झुंजणे यांना आपण तिचे 'नखरे' म्हणतो. ज्या प्रेरणेची पूर्ती आपण कधीही होऊ देणार नाही, ती प्रेरणा मात्र शाबूत ठेवणे, याला निसर्गाविषयीचा आदर म्हणणे कठीण आहे.

शरीरावरील परिणाम याहून गंभीर आहेत. उतारवयात मांजरींना आंचळांचा कर्करोग होतो, आणि मांजरांतील आंचळांच्या गाठींपैकी बहुसंख्य गाठी घातक असतात. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की सहा महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्या मांजरींमध्ये या रोगाचा धोका ९१ टक्क्यांनी, तर एक वर्षाच्या आत झालेल्यांमध्ये ८६ टक्क्यांनी कमी होता. वर्ष उलटल्यावर मात्र हा लाभ फारसा उरत नाही. गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार तर मूळ अवयवच नसल्याने टळतो. माज दाबण्यासाठी संप्रेरकांच्या गोळ्या किंवा इंजेक्शने देण्याचा स्वस्त वाटणारा मधला मार्ग काहीजण पत्करतात. त्याने नेमका याच दोन रोगांचा धोका वाढतो.

बोक्याची बाजू थोडी वेगळी आहे. त्याला शरीरप्रकृतीच्या दृष्टीने होणारा लाभ मांजरीइतका मोठा नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण वयात आलेला बोका भिंतींवर, पडद्यांवर, पुस्तकांच्या कपाटांवर उग्र वासाच्या मूत्राचे फवारे मारतो, बाहेर जाण्यासाठी धडपडतो आणि संधी मिळताच निसटतो. शस्त्रक्रियेनंतर या सवयी दहांपैकी सुमारे नऊ बोक्यांमध्ये थांबतात किंवा पुष्कळ कमी होतात. हा लाभ मालकाचाच नव्हे काय, असे कोणी विचारील. काही अंशी आहेच. पण ज्या बोक्याच्या वासाला घर कंटाळते, तो बोका फार दिवस त्या घरात राहत नाही. घरातील त्याची जागा टिकणे हे त्याचेही हित आहे.

आणि 'बाहेर जातच नाही' हे विधान तरी कितपत भरवशाचे? गॅसचा सिलिंडर आणणारा येतो, पाहुणे येतात, दिवाळीची साफसफाई निघते, खिडकीची जाळी सैल होते. शिंक्याचे तुटले आणि बोक्याचे फावले, ही म्हण आपल्याच भाषेतील आहे. समागमानेच बीजमोचन होत असल्याने अशी एक संधीदेखील गर्भधारणेस बहुधा पुरते.

पिल्लांचा हिशेब

सुमारे नऊ आठवड्यांनी मांजरी विते. तीन, चार, पाच पिल्ले होतात. पहिले काही आठवडे घरात कौतुकाचे जातात. नंतर पिल्ले द्यावयाची कोणाला, हा प्रश्न उभा राहतो. एखादे पिल्लू शेजारी, एखादे नात्यात जाते. उरलेल्या पिल्लांचे काय होते, याविषयी सुशिक्षित घरांतून मौन पाळण्याची रीत आहे. एक दिवस ती पोत्यात किंवा खोक्यात भरली जातात आणि मंडईपाशी, मासळीबाजारात किंवा गावाबाहेरच्या एखाद्या देवळाजवळ सोडली जातात. पुष्कळदा पोते आपण स्वतः नेत नाही. रखवालदाराला किंवा कामाच्या बाईला चार पैसे देऊन सांगतो. 'तिथे त्यांना खायला मिळेल' असे म्हणून मनाचे समाधान करून घेतो. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते, असे आपल्याकडे म्हणतात. तिच्या त्या फिरण्यात पिल्लांना सुरक्षित जागा मिळावी हा उद्देश असतो. आपल्या पोत्यात तो नसतो.

या पिल्लांना खरोखर खायला मिळते काय? अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात मोकाट मांजरांचा एक अभ्यास झाला आणि तो २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात नोंदलेल्या १६९ पिल्लांपैकी १२७ पिल्ले, म्हणजे सुमारे ७५ टक्के, सहा महिन्यांची होण्यापूर्वीच मेली किंवा नाहीशी झाली. मृत्यूचे कारण जेथे कळले तेथे ते बहुतेक वेळा अपघात किंवा इजा हेच होते. आपल्या रस्त्यांवरील वाहने, मोकाट कुत्री आणि पावसाळा लक्षात घेता येथील पिल्लांचे नशीब याहून चांगले असेल असे मानण्यास आधार नाही.

एका जोडीपासून काही वर्षांत लक्षावधी मांजरे होतात, असे एक गणित वंध्यीकरणाचे प्रचारक मांडतात. ते सर्व पिल्ले जगतात असे धरून केलेले असल्याने फसवे आहे. लक्षावधी मांजरे होत नाहीत, कारण बहुसंख्य पिल्ले मरतात. माल्थसने १७९८ साली लोकसंख्येविषयी जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातील प्रतिबंधक नियंत्रणे आणि नैसर्गिक नियंत्रणे हा भेद अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. जन्म रोखून संख्या मर्यादित ठेवणे हे पहिले. उपासमार आणि रोगराई यांनी ती मर्यादित होणे हे दुसरे. मनुष्यसमाजाविषयीचे माल्थसचे भाकीत पुढे पुष्कळ अंशी चुकले; कारण माणसाने धान्याचे उत्पादन वाढवले आणि जन्मप्रमाणावर स्वतः ताबा मिळवला. मांजराला यांतील एकही गोष्ट करता येत नाही. तेव्हा त्याच्यापुरती निवड या दोन नियंत्रणांमधलीच आहे आणि ती त्याच्या वतीने आपण करतो. शस्त्रक्रिया टाळणारा मालक प्रत्यक्षात दुसऱ्या प्रकारच्या नियंत्रणाच्या बाजूने मत देत असतो.

खर्चाचे काय?

मध्यमवर्गीय घरात शेवटी अडते ते पैशापाशी. खाजगी दवाखान्यात या शस्त्रक्रियेस काही हजार रुपये पडतात. धर्मादाय संस्थांतून ती कमी खर्चात होते. समजा, तपासण्या व औषधे धरून ५,००० रुपये लागले. घरात राहणारे, नीट काळजी घेतलेले मांजर चौदा वर्षे सहज जगू शकते. म्हणजे हा खर्च महिन्याला सुमारे तीस रुपये झाला. उलट एका वेतातील चार पिल्लांना दूध-खाद्य, जंताची औषधे आणि लसी द्यावयाच्या म्हटल्या, तर एवढी रक्कम पहिल्या काही महिन्यांतच संपेल.

मग लोक शस्त्रक्रिया का टाळतात? कारण शस्त्रक्रियेचा खर्च मालकाच्या खिशातून जातो, आणि सोडून दिलेल्या पिल्लांचा खर्च त्याच्या खिशातून जात नाही. तो त्या पिल्लांवर, मंडईतल्या विक्रेत्यांवर, पदरमोड करून मोकाट जनावरांना खाऊ घालणाऱ्या चार भल्या माणसांवर आणि नगरपालिकेवर पडतो. पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली खाजगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतील ही तफावत विशद केली. कारखान्याच्या धुराचे उदाहरण पाठ्यपुस्तकात असते. पोत्यातील पिल्ले हे तिचेच घरगुती उदाहरण आहे.

कायद्याने ही तफावत भरून काढावी अशी अपेक्षा असते. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानुसार, उपासमारीने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला वाजवी कारणाशिवाय सोडून देणे हा अपराध आहे. परंतु पहिल्या अपराधास दंड किमान १० आणि कमाल ५० रुपये! साठ वर्षांपूर्वी ठरलेली ही रक्कम आज हास्यास्पद आहे. हजारो रुपयांची शस्त्रक्रिया एका पारड्यात आणि, तोही क्वचितच होणारा, पन्नास रुपयांचा दंड दुसऱ्या पारड्यात, अशा तराजूत माणसाची सदसद्विवेकबुद्धी तेवढी शिल्लक राहते. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत पाळीव प्राण्याचे लसीकरण, जंतनिर्मूलन आणि वंध्यीकरण ही मालकाची जबाबदारी म्हणून सांगितली आहे, हे योग्यच झाले. बेल्जियममध्ये तर नोंदणीकृत पैदासकार वगळता मांजराचे वंध्यीकरण कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे सक्तीपेक्षा सोय वाढवणे अधिक फलदायी ठरेल. मुंबईत पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली स्थापन झाले. या राज्याला पशुवैद्यकाची परंपरा नवी नाही. सरकारी दवाखान्यांचे लक्ष गाई-म्हशींवर असणे समजण्यासारखे आहे. तरीही शहरांतील दवाखान्यांतून ठरावीक दिवशी अल्प दरात ही शस्त्रक्रिया उपलब्ध करणे नगरपालिकांना अशक्य नाही.

संमतीचा प्रश्न

आतापर्यंतचा विचार लाभहानीचा झाला. परंतु या शस्त्रक्रियेवरील सर्वांत वजनदार आक्षेप लाभहानीचा नाही. तो असा, की मुक्या प्राण्याला त्याची इच्छा विचारता येत नाही, तेव्हा त्याच्या शरीराचा निरोगी भाग काढून टाकण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? हा आक्षेप घेणाऱ्यांना भाबडे म्हणून उडवून लावणे बरे नव्हे. विशेषतः जेथे मालकाची सोय आणि प्राण्याचे हित एकाच दिशेला दिसतात, तेथे आपण हिताच्या नावाखाली सोय तर पाहत नाही ना, अशी शंका घेतलीच पाहिजे.

या शंकेची कसोटी लावण्यास एक दुसरी शस्त्रक्रिया उपयोगी पडते. सोफे-खुर्च्या ओरबाडल्या जाऊ नयेत म्हणून मांजराची नखे कायमची काढून टाकण्याची पद्धत अमेरिकेत दीर्घकाळ रूढ होती. तीत प्रत्येक बोटाचे शेवटचे हाड कापले जाते. मांजराला तिचा लाभ काही नाही. वेदना मात्र आहेत. म्हणून ब्रिटनसह अनेक युरोपीय देशांत ती निषिद्ध आहे. दोन्ही शस्त्रक्रिया संमतीवाचून होतात. पण मालकाची सोय वजा केल्यावर एकीत प्राण्याच्या पदरात काही उरत नाही, तर दुसरीत रोगांपासून संरक्षण आणि सततच्या अस्वस्थतेपासून सुटका उरते. पालक अजाण मुलाला लस टोचवतो तेव्हा त्याचा अधिकार याच प्रकारचा असतो. जेथे अशी शिल्लक उरत नाही तेथे तो अधिकारही नाही.

'निदान एकदा तरी तिला आई होऊ द्या' ही भावना आपल्या संस्कृतीला साजेशी आहे. ज्या षष्ठीदेवीची आपण पाचवी-सहावीला पूजा करतो, तिचे वाहनच मांजर आहे. पण एक वेत झाल्याने मांजरीच्या आरोग्याला काही विशेष लाभ होतो असे दिसलेले नाही. उलट त्या प्रतीक्षेत कर्करोगापासूनच्या संरक्षणाचा काळ निघून जातो. वात्सल्याची किंमत तिच्या पिल्लांनी मंडईत मोजावी, हेही त्या भावनेला धरून नाही.

धोके आहेतच, आणि ते लपवण्याचे कारण नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका मोठ्या पाहणीनुसार, भूल दिल्यानंतर ४८ तासांच्या आत तिच्यामुळे दगावणाऱ्या निरोगी मांजरांचे प्रमाण ०.११ टक्के, म्हणजे सुमारे नऊशेंत एक, होते. आजारी मांजरांत ते १.४० टक्के होते. म्हणून आजारी, अशक्त किंवा फार वयस्क मांजराच्या बाबतीत पशुवैद्याचा सल्ला अंतिम मानावा आणि थांबावे लागल्यास थांबावे. दुसरा धोका लठ्ठपणाचा. शस्त्रक्रियेनंतर मांजराची अन्नाची गरज सुमारे पाव हिश्शाने घटते. भूक मात्र वाढते. ताटली पूर्वीसारखीच भरत राहिल्यास वजन वाढते, आणि त्यामागून मधुमेह येऊ शकतो. लठ्ठ बोक्यांत मूत्रमार्ग तुंबण्याची भीतीही अधिक असते. हा दोष शस्त्रक्रियेपेक्षा आपल्या लाडाचा अधिक आहे, आणि तो टाळणे आपल्या हाती आहे.

निर्णय केव्हा घ्यावा?

सारांश, निरोगी मांजराचे वंध्यीकरण करावे, आणि ते वेळेवर करावे. अमेरिकेतील पशुवैद्यकांच्या प्रमुख संघटनेने २०१७ साली ते पाच महिन्यांच्या वयापूर्वी करण्याच्या शिफारशीस पाठिंबा दिला. आपल्याकडील अनेक पशुवैद्य सहा महिन्यांच्या सुमारास ते करतात. मांजरीच्या बाबतीत 'पाहू पुढे' म्हणण्यास फारसा अवकाश नाही, हे वरील आकड्यांवरून स्पष्ट व्हावे. पिल्लू घरात आणले त्याच आठवड्यात लसींच्या तारखांबरोबर या शस्त्रक्रियेचीही तारीख पशुवैद्याकडून लिहून घ्यावी आणि महिन्याच्या जमाखर्चात तिची तरतूद सुरू करावी. ज्याला ती तरतूद शक्य नाही आणि अल्प दराची सोयही जवळपास नाही, त्याने मांजर पाळण्याचाच पुनर्विचार करणे अधिक न्यायाचे ठरेल.

मात्र शस्त्रक्रिया उरकली म्हणजे आपले कर्तव्य संपले असे समजू नये. मांजराला आपण घरात कोंडले, त्याची शिकार हिरावली, त्याचा वंशही थांबवला. हे सारे त्याच्या हितासाठी केले असे म्हणण्याचा अधिकार राखावयाचा असेल, तर त्याच्या वाट्याला येणारी पुढची बारा-चौदा वर्षे सुखाची झाली पाहिजेत. खिडकीला भक्कम जाळी, चढण्या-उडण्यास जागा, मोजके अन्न, रोज थोडा वेळ खेळ, आणि बदली झाली किंवा घर बदलले तरी त्याला मागे न टाकण्याचा निर्धार, एवढे तरी आपण त्याचे देणे लागतो. या देण्याला पावती नसते आणि धनको तक्रारही करीत नाही, म्हणून ते बुडवणे सोपे आहे. म्हणूनच ते फेडण्याची तयारी आहे की नाही, याचा विचार पिल्लू घरात आणण्यापूर्वी करावयास हवा.